एसएसडीला ताप येतो तेव्हा

चित्रण एकदा विनाखंड पार पडलं की तिहोमीर ग्रुयिचला बसमध्ये एक जागा मिळणार होती. बस्स, एवढंच. ऐकायला फार वाटत नाही. पण ती बस ग्रीसच्या समुद्राकडे जाणार होती, आणि त्या जागेच्या शेजारची जागा वुकोसावाची, म्हणजे तिहोमीरच्या बायकोची होती. लग्न झाल्यापासून ती त्याच्या शेजारी बसत आलेली आहे: जेवणाच्या टेबलाशी, लोकांच्या लग्नांत, दातांच्या डॉक्टरकडे. समुद्राकडे जाताना मात्र दर उन्हाळ्यात तिच्या शेजारी गायकवृंदातलं दुसरंच कुणीतरी बसायचं, आणि तिहोमीर मागे राहून रास्पबेरीच्या रांगांना पाणी घालायचा. ती परत यायची ती उन्हाने गव्हाळ होऊन, नवी गाणी आणि नवे विनोद घेऊन. विनोद तिथे असलेल्यांनाच कळणारे असायचे. तिहोमीर ते ऐकून हसायचाही, जरा उशिरा.

गायकवृंदात शिरायचा सरळ मार्ग त्याने करून पाहिला होता. गावातल्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून निवृत्त झालेल्या देसांकाबाई हा वृंद चालवत. त्यांनी त्याला पियानोजवळ उभं केलं, एक सूर दिला, डोळे मिटून ऐकलं आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "आवाज वाईट नाही हो तुमचा. फक्त तो गाण्यासाठी नाही."

भूमापन कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला नकार पचवायचं कळतं, कारण तो स्वतः रोज वाटत असतो. तिहोमीरने बाजूचा दरवाजा शोधला. ग्रीसच्या संगीतोत्सवाच्या आयोजकांनी या वर्षी अट घातली होती: निवडीसाठी पूर्ण कार्यक्रमाचं चित्रण पाठवा, पाऊण तासाचं, सलग, मध्ये कुठेही कापाकापी न केलेलं, आणि उत्तमात उत्तम दर्जाचं. आधीच्या वर्षी म्हणे कुणीतरी दुसऱ्यांचा आवाज आपल्या तोंडांवर चिकटवून पाठवला होता. निवड झालेल्या वृंदाबरोबर एक तंत्र सांभाळणारा माणूस फुकट येऊ शकेल, असंही पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचणं हा तिहोमीरचा धंदाच. त्याच संध्याकाळी तो आपला कॅमेरा घेऊन देसांकाबाईंच्या दारात उभा राहिला.

कॅमेरा चांगला होता. इतका चांगला, की वुकोसावा त्याला "तुझी दुसरी" म्हणायची. मोठ्या दर्जाचं चित्रण त्याच्या पोटातल्या कार्डावर मावत नसे, म्हणून त्याला तारेने एक एसएसडी ड्राइव्ह जोडलेली असायची: साबणाच्या वडीएवढी, काळ्या ॲल्युमिनियमची, गंभीर चेहऱ्याची. या वडीवर तिहोमीरचा आपल्या बायकोवर असेल तेवढाच विश्वास होता, आणि दोघींना तो गृहीत धरत असे.

पहिली चाचणी तालमीच्या वेळी घेतली. सगळे उभे राहिले, कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला, आणि चौथं गाणं वुकोसावा एकटी गाते तिथवर आलं. ती श्वास घेते, वर चढते, आणि वरचा सूर असा धरून ठेवते की ऐकणाऱ्याला आपणच खाली पडू असं वाटावं. नेमका त्या सुरावर लाल दिवा विझला. पडद्यावर अक्षरं आली: ड्राइव्हचा वेग अपुरा, चित्रण थांबवले.

"काय झालं?" देसांकाबाईंनी विचारलं.

"तिला दम लागला," तिहोमीर म्हणाला.

"वुकोसावाला?"

"ड्राइव्हला."

खर्जाच्या रांगेत मागे उभा असलेला ओब्राद हसला. ओब्रादचं औषधांचं दुकान आहे, देह अस्वलासारखा आहे, आणि तो हसला की पुढच्या रांगेच्या पाठीला कळतं. "तिहोमीर," तो म्हणाला, "तुला गाता येत नाही ते आम्ही समजून घेतलं. आता तुला ऐकताही येत नाही का रे?"

ही गोष्ट रात्र उलटायच्या आत तळमजल्यावरच्या स्लावोल्युबपर्यंत पोचली. स्लावोल्युब पूर्वी दूरचित्रवाणीच्या केंद्रात तंत्रज्ञ होता. त्या काळी चित्रण गाडीच्या चाकाएवढ्या फितीवर व्हायचं, आणि स्लावोल्युबच्या मते त्यानंतर जगात काही नीट झालेलं नाही. सकाळी तो जिन्यात वाट बघतच होता.

"शेजारी, फाइली विस्कटल्यात तुझ्या. एक इकडे, एक तिकडे. बिचारी शोधत हिंडते. रोज संध्याकाळी सगळ्या फाइली उचलायच्या आणि एका रांगेत लावायच्या. शिस्त लागली की पळेल."

"स्लावोल्युब, हिच्यात फिरणारी तबकडी नाही."

"माणसातही नाही. तरी शिस्त लागतेच ना?"

तिहोमीर आठवडाभर रोज फाइली रांगेत लावत बसला. पुढच्या तालमीत दिवा तिसऱ्याच गाण्यात विझला. तेव्हा कुठे त्याने ड्राइव्हबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. ते आठ भाषांत होतं. आपल्या भाषेतलं पान नेमकं घडीवर फाटलेलं होतं, म्हणून आमच्या भाषेच्या चुलत बहिणीचं, म्हणजे स्लोव्हेनियन भाषेचं पान वाचलं. ते वाचताना नेहमी असं वाटतं की आपणच जरा जास्त प्यायलो आहोत. पण अर्थ लागला. रांगा लावू नका; या जातीला रांगेचा काही उपयोग नाही, उलट प्रत्येक उचलठेवीने ती झिजते. गच्च भरू नका, चौथा हिस्सा मोकळा ठेवा. जुनं पुसलं की तिला संगणकाला जोडून झाडलोटीचा हुकूम द्या आणि स्वस्थ राहू द्या, म्हणजे पुसलेल्या जागा ती खरोखर रिकाम्या करील. नाही तर ऐन लिहिताना आधी झाडत बसेल आणि मागे पडेल.

तिहोमीरची ड्राइव्ह काठोकाठ भरलेली होती. काय नव्हतं तिच्यावर! आणि आता यातलं काय पुसायचं हा प्रश्न त्याने, मूर्खासारखा, रविवारच्या जेवणात टेबलावर मांडला.

"माझ्या भावाचं लग्न पुसायचं नाही," वुकोसावा म्हणाली.

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

"दोन्ही."

"अगं, पहिली तर सोडून गेली त्याला."

"पण त्या लग्नात आई नाचलीये. तशी ती परत नाचली नाही."

ओब्रादच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. तो पुसण्याच्या नुसत्या विचाराने ओब्रादने दुकानात तिहोमीरला रक्तदाबाची गोळी द्यायला वेळ लावला. स्लावोल्युबच्या नामदिनाचं जेवण होतं, पाहुणे खाताहेत, सलग तीन तास. "तो दस्तऐवज आहे," स्लावोल्युब म्हणाला. शेवटी तिहोमीरने सगळं एका जुन्या, मोठ्या, कुरकुरणाऱ्या हार्ड डिस्कवर हलवलं, एसएसडी कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून घेतली, झाडलोट करवली आणि तिला दोन दिवस कपाटात टॉवेलांवर विश्रांती दिली. वुकोसावाने टॉवेल घ्यायला कपाट उघडलं, वडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या खोलीतला टॉवेल घेतला.

आणि काय सांगू, ड्राइव्ह पळाली! पुढच्या तालमीत ती चौथं गाणं पार करून गेली, वुकोसावाचा वरचा सूर अख्खाच्या अख्खा तिच्यात उतरला, पाचवं गाणं, सहावंही. सातव्याच्या मध्यावर दिवा विझला.

त्याने वडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखी तापली होती. स्लोव्हेनियन पानावर हेही होतंच, त्याने घाईत गाळलं होतं: फार तापली की ती स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालते. उपाय एका ओळीचा. खेळती हवा ठेवा.

खेळती हवा! जुलै महिन्यात, आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात! यापेक्षा देसांकाबाईंना काढून टाका म्हटलं असतं तर सोपं होतं.

आमच्याकडे माणूस विहिरीत पडून वाचतो, युद्धातून परत येतो, कर्जातूनही कधी कधी बाहेर पडतो. पण प्रोमाया कुणाला सोडत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि आरपार वारा आला की मान धरते, मूत्रपिंड जातं, कान बहिरा होतो, आणि गाणाऱ्याच्या तर गळ्यातच बसतो तो. म्हणून भवनाच्या सगळ्या खिडक्या मे ते सप्टेंबर घट्ट बंद. एक वातानुकूलन यंत्र होतं, पण त्याचा रिमोट कचेरीतल्या तिजोरीत होता. कारण कधीकाळी एका ट्राँबोनवाल्याचं तोंड त्याच्याखाली बसून वाकडं झालं होतं. त्याचं तोंड आधीपासून तसंच होतं असं त्याची बायको सांगते, पण तिला कुणी विचारत नाही.

भवनाची देखरेख मिलुंका करते. ती दाराशी खुर्ची टाकून बसते आणि आलेल्या प्रत्येकाकडे तो काहीतरी न्यायला आला आहे अशा नजरेने बघते.

"रिमोट पाहिजे," तिहोमीर म्हणाला.

"अर्ज?"

त्याने अर्ज पुढे केला. कचेरीतला माणूस तो, अर्ज तयार ठेवल्याशिवाय घरातून निघत नाही.

"शिक्का?"

"शिक्का तुमच्याच कचेरीचा लागतो ना?"

"तेच म्हणते. तो नाहीये यावर."

"मग मारा."

"शिक्का साहेबांच्या खणात. खणाची किल्ली साहेबांकडे."

"आणि साहेब?"

"समुद्रावर," मिलुंका म्हणाली, आणि तिहोमीरच्या मनाला त्या शब्दाने जे झालं ते तिला कळण्याचं कारण नव्हतं. "सगळेच गेलेत हो. आपणच दोघं राहिलो."

चित्रणाचा दिवस उजाडला तो असा तापलेला, की चौकातली कबुतरंही सावलीतून सावलीत चालत जात होती. चित्रण त्याच दिवशी व्हायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणि संध्याकाळी सभागृह बुद्धिबळाच्या क्लबाला दिलेलं होतं. सगळे काळ्या पोशाखात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून उभे. तिहोमीरने घरचा छोटा टेबलपंखा आणला होता आणि त्याचं तोंड फक्त ड्राइव्हकडे वळवून ठेवलं होतं.

"तो बंद कर," ओब्राद म्हणाला.

"अरे, तो तुमच्याकडे नाहीये. पाठ आहे त्याची तुमच्याकडे."

"पंख्याला पाठीनेही वारा येतो. मी औषधवाला आहे."

"पाठीने तो वारा आत ओढतो, ओब्राद."

"म्हणजे माझ्या मानेवरून ओढतो. तेच तर म्हणतोय."

देसांकाबाईंनी तडजोड केली: पंखा चालेल, पण हळू. पहिलं चित्रण सुरू झालं. पाचव्या गाण्यात खर्जाची रांग हळूहळू डावीकडे सरकू लागली. कुणी ठरवलं नव्हतं; पंख्यापासून दूर एकेक पाऊल, गात गात. सहाव्यात ती रांग चौकटीच्या बाहेर गेली आणि आवाज रंगमंचाच्या बाजूच्या पडद्यामागून येऊ लागला. देसांकाबाईंनीच हात खाली घेतले.

दुसऱ्या खेपेला पंखा बंद. तिहोमीर धावत घरी गेला आणि फ्रीजरमधून गोठवलेल्या रास्पबेरीचा खोका घेऊन आला. आमच्याकडे प्रत्येक घरात तो असतोच. भाव मिळत नाही त्या वर्षी दोन असतात. खोक्यावर ड्राइव्ह ठेवली. अहाहा! बर्फासारखी गार! सहा गाणी, सात, आठ! आठव्याच्या शेवटी खोक्याच्या कोपऱ्यातून लाल ओघळ निघाला, टेबलावरून सरकला, तारेच्या टोकापाशी पोचला. तिहोमीरने झडप घालून तार उचलली. तार निघाली. दिवा विझला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रक्त समजून किंकाळी मारली होती, त्यामुळे तेही चित्रण तसं वायाच गेलेलं होतं.

विश्रांतीत वृंदाने रास्पबेरी खाऊन टाकल्या. चांगल्या होत्या म्हणे. देसांकाबाई पियानोवर टेकून बसल्या होत्या. "आणखी एकदाच," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे आवाज उरणार नाहीत कुणाचे. आणि तिहोमीर, या वेळी नाही जमलं तर मी स्लावोल्युबच्या मोबाइलवर काढलेलं पाठवीन. मग जे होईल ते."

स्लावोल्युब बघ्यांमध्ये बसलेला होता. त्याने मोबाइल नम्रपणे वर करून दाखवला.

तिहोमीर ड्राइव्हशेजारी उकिडवा बसला. मोबाइलचं चित्रण गेलं की उत्सवाचं दार बंद, आणि चुकून उघडलंच तर बसमधली तंत्रज्ञाची जागा स्लावोल्युबची. तो वुकोसावाला सीमेपर्यंत फितीचा इतिहास सांगणार. इतक्यात वुकोसावा रांगेतून उतरून त्याच्याशेजारी आली. तिने वडीला हात लावला, पालथा, मुलाच्या कपाळाला लावतात तसा.

"तिहो, हिला ताप आहे."

"माहितीये."

"मग ताप आला की आपण काय करतो?"

इथे प्रत्येक माणूस लहानपणी तापात राकियात, म्हणजे आलूबुखारांच्या दारूत, भिजवलेल्या पायमोज्यांत झोपलेला आहे. दारू उडून जाते, जाताना ताप घेऊन जाते, सकाळी मूल गार आणि घर दरवळलेलं. औषधवाल्याच्या घरीही हेच करतात, फक्त खिडक्यांचे पडदे लावून.

"ओब्राद," वुकोसावाने हाक मारली, "तुझी गळ्याची बाटली दे."

"ती गळ्यासाठी आहे."

"दे म्हणते ना. आणि तिहो, मोजा काढ."

"माझा?"

"पातळ सुती आणखी कुणाचा आहे? बाकीचे गाणार आहेत, त्यांना उभं राहायचंय चौकटीत."

अशा रीतीने भूमापन कचेरीचा वरिष्ठ कारकून साऱ्या गावासमोर एका पायाने अनवाणी झाला. अंगठ्यापाशी मोज्याला भोक होतं. तेही कामी आलं. त्यातून तार बाहेर काढली आणि जोडाची जागा कोरडी राहिली. वुकोसावाने मोजा राकियात भिजवला, पिळला आणि ड्राइव्हवर चढवला. सभागृहभर आलूबुखारांचा वास पसरला आणि खर्जाच्या रांगेने सावधान उभं राहून तो आत घेतला.

"पण उडायला वारा लागेल," तिहोमीर म्हणाला. "नुसता ओला मोजा म्हणजे उलट गोधडीच."

सगळे ओब्रादकडे बघू लागले. ओब्रादने बराच विचार केला. अशा वेळी तो न्यायाधीशासारखा दिसतो. "पंखा नको," तो म्हणाला. "खिडकी तर नकोच. पण हाताने घातलेला वारा..." तो थांबला. "हाताने घातलेला वारा म्हणजे प्रोमाया नव्हे. त्याला दुसरं टोक नसतं."

"बाहेर जायला वाट नाही त्याला," दुसऱ्या एका खर्जवाल्याने पुष्टी दिली.

"जागच्या जागी फिरतो," मिलुंका दारातून म्हणाली. तिने म्हटलं म्हणजे सरकारी मान्यताच.

तिसरं चित्रण सुरू झालं. तिहोमीर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याखाली मांडी घालून बसला, एक पाय उघडा, हातात देसांकाबाईंची स्वरलेखनाची पुठ्ठ्याची वही, आणि मोज्यातल्या वडीला वारा घालू लागला. जोरात घातला तर वहीचा आवाज येईल, हळू घातला तर वडी तापेल. गाण्याच्या ठेक्यात घालावा हे त्याला दुसऱ्या गाण्यात सुचलं. तिसऱ्यात त्याच्या लक्षात आलं की तो बरोबर तालावर आहे. चौथं आलं. खालून त्याला वुकोसावाची फक्त हनुवटी आणि गळा दिसत होता. तिने श्वास घेतला, वर गेली, तो सूर धरला. त्याचा हात हवेतच थबकला, आणि मग त्याला आठवलं की आपण कशासाठी बसलोय, आणि त्याने अशा काही आवेगाने वारा घातला की ती गातेय तीही त्याच्याच बळावर असं कुणालाही वाटलं असतं. दिवा लाल. सातवं, दिवा लाल. आठवं! मोजा सुकत आला तेव्हा त्याने बाटली डाव्या हाताने तिरकी केली, दोन थेंब, आणखी दोन. खांदा जळत होता, उघड्या पायाला मुंग्या आल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता, आणि तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. शेवटचं गाणं संपलं, देसांकाबाईंनी हात मिटले, आणि त्याने स्वतः, आपल्या बोटाने, तो दिवा बंद केला.

मोज्यातली वडी हाताला कोमट लागत होती.

उत्तर ऑगस्टच्या सुरुवातीला आलं. देसांकाबाईंनी ते तालमीत उभं राहून वाचलं. चित्रण आलेल्या सर्व चित्रणांत सर्वोत्तम ठरलं होतं. टाळ्या. इतका दर्जा, इतकी सलगता परीक्षकांनी पूर्वी पाहिली नव्हती. आणखी टाळ्या, ओब्रादने तिहोमीरला उचललंच. म्हणून, देसांकाबाई पुढे वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज हळू झाला, म्हणून या वृंदाची निवड यंदा नव्यानेच सुरू झालेल्या विभागासाठी करण्यात येत आहे. त्यात दूरच्या वृंदांचं गाणं समुद्राकाठच्या चौकात मोठ्या पडद्यावर दाखवलं जाईल. वृंदाने प्रवासाची तसदी घेण्याची गरज नाही. चित्रण घेऊन तंत्र सांभाळणाऱ्या माणसाने यावं. त्याची एकट्याची सोय केलेली आहे.

ओब्रादने तिहोमीरला खाली ठेवलं.

"म्हणजे आमचे गळे जाणार," तो म्हणाला, "आणि गळ्याखालचं सगळं इथेच राहणार."

"मोबाइलवर काढलं असतं तर सगळे गेलो असतो," स्लावोल्युब म्हणाला. याला कुणी विरोध केला नाही, तिहोमीरने सुद्धा.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात उभाच राहिला. "मी जात नाही," तो म्हणाला. "मी कशाला जात होतो, ते तुला माहितीये."

वुकोसावा काकड्या चिरत होती. "नाही बाबा. कशाला?"

त्याने सांगितलं. बसमधली जागा, शेजारची जागा, उशिरा हसणं, सगळं. एवढं तो लग्नानंतर एका दमात बोलला नव्हता. ती चिरायची थांबली.

"मग तिकीट काढ ना माझं, गाढवा," ती म्हणाली. "खोलीत दुसरी खाट टाकतील ते."

शेवटचा हिशेब असा झाला. तिहोमीरचा प्रवास आणि खाट आयोजकांनी दिली. वुकोसावाचं तिकीट तिहोमीरने काढलं, आणि तेव्हा तो तिकीटघरात शीळ घालत होता असं सांगतात. समुद्राकाठच्या चौकात ती दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून कलिंगड खात होती आणि पडद्यावर तीन मजल्यांएवढी वुकोसावा वरचा सूर धरून होती. आजूबाजूचे लोक एकदा वर बघत, एकदा हिच्याकडे. वृंदाने आपला एक उन्हाळा दिला, आणि तो वसूल करायची त्यांची रीत ठरलेली होती: निघायच्या आधी प्रत्येकाने ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा डबा आणायला सांगितला, पैसे नंतर देतो म्हणाला, आणि असं म्हणताना तिहोमीरच्या डोळ्यांत अशा काही नजरेने पाहिलं की नंतर म्हणजे कधी, हे त्याने विचारलं नाही. परतताना बसच्या पोटात ते डबे रचता रचता चालकाने दोन वेळा टोपी काढून घाम पुसला. देसांकाबाईंचा डबा, ओब्रादचे दोन, मिलुंकाचा, वुकोसावाच्या आईचा, गाण्याशी काडीचा संबंध नसलेल्या स्लावोल्युबचाही एक. सगळे तिहोमीरच्या खात्यावर.

"एवढे सगळे तूच भरणार?" बस सुटल्यावर वुकोसावाने विचारलं. ती खिडकीजवळ बसली होती, तो तिच्या शेजारी.

"भरतो."

"बरं. आईच्या डब्याचे मी देते," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.